केलं तेवढंच लिहिणारे काकाजी

नागपूरला धंतोलीत झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान चालवायचं म्हणजे दिवसभर घाईतली माणसं पाहायची. आजूबाजूला सगळे दवाखाने. कोणाला रिपोर्टच्या कॉप्या पाहिजेत, कोणाला विम्याचा फॉर्म भरून पाहिजे, कोणी यवतमाळहून आलेलं असतं आणि त्याची परतीची बस सुटत असते. सगळ्यांना सगळं आत्ताच्या आत्ता हवं असतं, आणि त्यांचं काही चुकतही नाही. इतक्या वर्षांत "आधी त्यांचं होऊ द्या, माह्यी काही गाडी सुटून नाही राहिली" असं म्हणून आपणहून मागे सरकलेलं एकच गिऱ्हाईक मला भेटलं. त्यांचा एमआयडीसीत यंत्रांचे सुटे भाग बनवायचा मोठा कारखाना होता, ते आमच्याच प्रभागाचे नगरसेवक होते आणि त्यांना सगळे काकाजी म्हणत.

पुढाऱ्यांबद्दल माझं मत आधीपासून वाईट. पुढारी दुकानात आला की बॅनरचं डिझाइन फुकटात मागणार, फोटोत आपला रंग उजळ करायला लावणार आणि "पाहून घेऊ ताई" म्हणून जाणार, हे माझं ठरलेलं गणित. त्यामुळे काकाजींनी पहिल्यांदा माझ्यापुढे पेन्सिलीने लिहिलेले चार कागद ठेवले तेव्हा मी तोंड वाकडंच केलं होतं. काकू, म्हणजे त्यांच्या बायको, समोरच्या दवाखान्यात भरती होत्या. रिपोर्टच्या कॉप्या काढायला म्हणून ते आले होते आणि कॉप्यांसोबत हे कागद पुढे केले. कारखान्याच्या गेटपासच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेला लेख होता. पेपरात दर रविवारी त्यांचं एक छोटं सदर येई, नागरिकांच्या कर्तव्यांवर.

मी टाइप करायला बसले. लेख दवाखान्यासमोर उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर होता. त्यात एवढंच लिहिलं होतं की मी तीन दिवसांपासून माझी गाडी लांब मैदानाजवळ लावतो आणि तिथून दवाखान्यापर्यंत पायी येतो. अकरा मिनिटं लागतात. काल एक अॅम्ब्युलन्स न थांबता आत गेली, ती माझ्यामुळे गेली की आपोआप गेली ते मला माहीत नाही. संपला लेख. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्याला घोर आहे, शेवट लिहायचा राहिला असेल. म्हणून मी माझ्या मनाने खाली एक ओळ जोडली: प्रत्येक नागरिकाने हे आपले कर्तव्य समजून वागले पाहिजे.

त्यांनी कागद वाचला आणि खिशातली पेन्सिल काढून ती ओळ खोडली.

"हे कोणी लिहिलं?"

"मी लिहिलं जी. लेखाला शेवट नव्हता."

"आहे न. मी पायी गेलो, हाच शेवट आहे. दुसऱ्यानं काय कराव ते मी कायले सांगू? त्यानं मले विचारलं का?"

एवढं बोलून ते पुन्हा रांगेत मागे जाऊन उभे राहिले, कारण दुरुस्तीसाठी परत आलेल्यानेही रांग धरायची असते अशी त्यांची समजूत होती. माझ्या दुकानात असा काही नियम नव्हता. त्या दिवसापासून झाला.

काकाजींचा लिहिण्याचा कायदा एकच होता. जे काम आपण स्वतः निदान आठवडाभर केलं नाही, त्यावर लिहायचं नाही. केलं तेवढंच लिहायचं. जमलं नाही तर जमलं नाही असं लिहायचं. कारखान्याच्या ऑफिसात दहा कॉम्प्युटर असताना ते माझ्याकडे का येतात, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "ऑफिसातले पोट्टे वाहवा करतात. मालकाचा लेख भंगार झाला असं कोण म्हणन? तुम्ही तोंड वाकडं करता, मले समजते." मी तेव्हा लाजले, पण तोंड वाकडं करणं सोडलं नाही. तीच माझी नेमणूक होती म्हणायची. दोनेक वर्षांनी ते मला 'अहो ताई'वरून 'काय वं'वर आले. माझ्या माहेरच्या माणसाने बोलावं तसं ते मला वाटे.

पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात कारखान्यातले जाड बूट आणि पँटच्या खिशात स्टीलचा मोजपट्टीचा टेप, असा त्यांचा अवतार असे. हा टेप कुठे बाहेर निघेल त्याचा नेम नसे. माझ्या दुकानाची पायरी त्यांनी पहिल्याच आठवड्यात मोजली. "साडेनऊ इंच. पोटाला टाके पडलेली बाई चढन का ही?" मी त्याच महिन्यात पायरी फोडून दोन केल्या. मिहानमध्ये कुठल्याशा मोठ्या कंपनीच्या समारंभाला पाहुणे म्हणून गेले, तिथे फीत कापायच्या आधी त्यांनी अपंगांसाठी केलेला उतार मोजला आणि चाकांच्या खुर्चीत बसून स्वतः तो चढून पाहिला. चाक अर्ध्यातून मागे आलं. फीत दीड तास तशीच राहिली म्हणतात. आणखी एक विद्या त्यांना येत होती. समोरच्याच्या टेबलावरचा कागद ते उलटा वाचू शकत. साहेब लोकांच्या समोर इतकी वर्षं बसून काढली, की फाइल आपल्या बाजूने सरळ दिसलीच नाही, असं ते सांगत.

हॉर्न न वाजवण्याचा लेख लिहायचा होता तेव्हा त्यांनी गाडीच्या हॉर्नची वायरच काढून टाकली. ड्रायव्हरला आठवडाभर तशी गाडी चालवायला लावली. चौथ्या दिवशी ड्रायव्हर माझ्या दुकानात येऊन रडकुंडीला आला. "ताई, तुम्ही सांगा न यायले. सीताबर्डीवर कोणी सरकूनच नाही राहिलं. मी काच खाली करून 'सरका गा, सरका गा' करून राहिलो, घसा बसला माह्या." काकाजींनी हेही लेखात लिहिलं: हॉर्न बंद केल्याने आवाज कमी झाला नाही, फक्त तो ड्रायव्हरच्या गळ्यातून आला. पुढच्या आठवड्यात ते स्वतः गाडी चालवायला बसले. मग घसा त्यांचाही बसला, आणि तेही छापून आलं.

खर्र्याचं तर विचारूच नका. महापालिकेच्या जिन्याचे कोपरे खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, थुंकून लाल झालेले असत. काकाजी सकाळी बादली आणि ब्रश घेऊन गेले आणि पहिल्या मजल्याचे कोपरे घासू लागले. नगरसेवक खाली बसून जिना घासतो आहे म्हटल्यावर बाबू लोक कसेनुसे झाले. सहाव्या दिवशी पहिला मजला आरशासारखा झाला, आणि दुसरा मजला लाल. सगळे वर जाऊन थुंकत होते. मी टाइप करताना हसत होते, तर ते गंभीरपणे म्हणाले, "हस. पण एक मजला तर सुधरला न?"

ते राजकारणात आले त्याची गोष्ट त्यांनीच सांगितली. उद्योजकांच्या संघटनेने रस्त्याचं निवेदन देऊन त्यांना एका साहेबाकडे पाठवलं. साहेबाने तीन तास बाकड्यावर बसवलं. "तीन घंटे बसलो तवा समजलं, गेटच्या आत मी मालक हाव, गेटच्या बाहेर मी कोणीच नाही. बाहेर कोणी व्हायचं असन तर बाहेरचं काम कराव लागते." त्यांचे व्यापारातले मित्र निवडणुकीला पैसा देत, स्वतः उभे राहत नसत. हे उभे राहिले आणि निवडून आले.

मुळात ते विणकराच्या घरातले. लहानपणी घरासमोरच्या गल्लीत सूत ताणून ठेवलेलं असे, पुऱ्या गल्लीभर लांब, त्याला ताणा म्हणतात. रस्ता सगळ्यांचा होता म्हणून तर ताणा रस्त्यावर लावता येई, आणि रस्ता सगळ्यांचा होता म्हणूनच शाळा भरायच्या आत तो गुंडाळून घ्यावा लागे. एक दिवस त्यांच्या वडिलांना उशीर झाला, तर मास्तर शाळा सोडून तिथे थांबले आणि पोरांना एकेक करून सुताखालून वाकून न्यायला लागले. कोणी कोणावर ओरडलं नाही. काकाजी हे सांगताना थांबले आणि म्हणाले, "माह्याजवळ नागरिकशास्त्राचं एवढंच शिक्षण आहे." मला त्या वेळी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं. पडले नाही, दुकानात गिऱ्हाईक होतं.

काकू त्या दवाखान्यातून घरी आल्या नाहीत. मी त्यांना दोनदाच भेटले, पण काकाजींच्या बोलण्यातून त्या मला रोज भेटत. काकू त्यांच्या लेखांची पहिली कात्री. "हे तुम्ही केलं नाही, मी केलं, खोडा," असं सांगणारी बाई. आणि मतदानाच्या बाबतीत तर त्या काकाजींच्याही वर होत्या. सकाळी सातच्या आत दोघं केंद्रावर. काकूंनी जन्मात कधी नवऱ्याला सांगितलं नाही की मत कोणाला दिलं. काकाजी स्वतः पहिल्यांदा उभे होते त्या दिवशीही नाही. घरी आल्यावर यांनी लाडीगोडीने विचारलं तर म्हणाल्या, "गुप्त असते न जी मतदान? मग?" दुसऱ्या निवडणुकीतही तेच. हे सांगताना काकाजींचा चेहरा फुलून येई. "मी दोन डाव निवडून आलो, पण माही बायको माह्या बाजूनं होती का नव्हती, मले आजवर माहीत नाही!" एखाद्याला मोठं बक्षीस मिळाल्यावर तो सांगेल तसं ते सांगत.

काकू गेल्यावर दोनेक वर्षांनी काकाजींनी मतदार यादीचं काम हाती घेतलं. यादीत मेलेल्या माणसांची नावं तशीच राहतात आणि त्या नावांवर दुसरेच लोक मत टाकून जातात, हे सगळ्यांना माहीत असतं. नाव कमी करायला घरच्यांना एक फॉर्म भरून द्यावा लागतो. लोकांना त्याचा कंटाळा असतो, किंवा मन होत नाही. काकाजी घरोघरी फिरले. एकेका म्हातारीजवळ तासभर बसून तिच्या नवऱ्याच्या नावाचा फॉर्म भरून घेतला. सगळे फॉर्म माझ्या दुकानात छापले गेले. त्यात काकूंच्या नावाचाही एक मी छापून दिला. तो घडी घालून ते घेऊन गेले. महिन्याने म्हणाले, "तो कुठं गेला सापडून नाही राहिला, दुसरा दे." तोही गेला. तिसऱ्यांदा त्यांनी न मागताच मी दिला. तो त्यांनी खिशात ठेवला आणि दाराकडे पाहत राहिले.

त्या रविवारच्या सदरासाठी लेख आला: मेलेल्यांची नावं. किती घरी गेलो, काय काय ऐकलं, सगळं त्यात होतं. मी टाइप करताना थांबले. "काकाजी, तुमच्या घरचं झालं का?"

"होते पुढच्या आठवड्यात."

"मग पुढच्या आठवड्यात छापू."

ते हळूच म्हणाले, "दर निवडणुकीले मतदानाची चिठ्ठी घरी येते वं. एक माह्या नावाची, एक तिच्या नावाची. फोटोसुद्धा असते. दुसरं तिच्या नावानं आता घरी काही येत नाही. बँकेचंही बंद झालं."

मी लेख टाइप केला आणि पाठवून दिला. त्यांचा कायदा त्यांनी त्या दिवशी मोडला आणि मोडताना मी पाहिला. इतक्या चोख माणसाने एकदा केलं तर काय बिघडलं, असं मी मनाला सांगितलं. सांगणं सोपं होतं.

मधली काही वर्षं महापालिकेत निवडणूकच झाली नाही, सगळा कारभार प्रशासकाकडे होता आणि काकाजी नुसते माजी होते. त्या काळात आमच्या प्रभागातली महापालिकेची शाळा बंद करण्याची गोष्ट निघाली. पटसंख्या कमी, इमारत जुनी, जागा मोक्याची. काकाजी रोज सकाळी त्या शाळेत जाऊन एक तास गणित शिकवायला लागले. त्यावर लेख लिहिले, पण लेखांनी प्रस्ताव काही मागे जाईना. शेवटी निवडणूक लागली तेव्हा वय, गुडघे, सगळं विसरून ते उभे राहिले. "सभागृहात बसल्याशिवाय ही शाळा नाही वाचत," म्हणाले. ही शेवटची, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. लढत अटीतटीची होती. समोरचा उमेदवार सभेत म्हणे, "ते लेख लिहितात, मी काम करतो." काकाजी म्हणत, बरोबर आहे, मी दोन्ही करतो.

मतदानाच्या दिवशी मी त्याच शाळेच्या खोलीत बायकांच्या रांगेत उभी होते, काकाजी पुरुषांच्या. गुडघ्यांमुळे त्यांना यायला नेहमीपेक्षा उशीर झाला होता, दहा वाजले असतील. आत टेबलापाशी काकाजींकडून पोलिंग एजंट म्हणून बसलेला माणूस कारखान्याच्या स्टोअरमधला होता. वीस वर्षं काकाजींजवळ काम केलेला, त्यांच्या घरात येणंजाणं असलेला, आम्ही सगळे त्याला स्टोअरवाले म्हणायचो. काकाजींचा नंबर आला. अधिकाऱ्याने यादीतला क्रमांक आणि नाव मोठ्याने वाचलं आणि लाल पेनने नावाखाली रेघ ओढली. काकाजी तो कागद पाहत होते. त्यांच्या बाजूने तो उलटा होता.

मत देऊन गेलेल्या माणसाच्या नावाखाली अशी लाल रेघ असते, आणि बाई असेल तर बाजूला एक टिकही करतात. काकाजींच्या नावाच्या खालचं नाव काकूंचं होतं. त्याखाली रेघ होती आणि बाजूला टिक होती.

"या बाई येऊन गेल्या?" काकाजींनी बोट ठेवून विचारलं.

"हो, सकाळीच," अधिकारी म्हणाला. "कार्ड होतं, चिठ्ठी होती."

"माही बायको आहे ती. सहा वर्षं झाली जाऊन."

स्टोअरवाले खुर्चीतून उठले, काकाजींच्या दंडाला धरून कानाशी लागले, पण मी दोन हातांवर उभी होते, मला सगळं ऐकू आलं. "काकाजी, चला न बाहेर. तुमच्या घरच्या टेबलाच्या खणात काकूंचं कार्ड होतं, मीच नेलं. एकेक मत महत्त्वाचं आहे या वेळी. अन् चिंता नका करू, मत आपल्यालेच पडलं. मत टाकणाऱ्या बाईनं मले सांगितलं."

काकाजींनी दंड सोडवून घेतला. मी काकाजींना इतक्या वर्षांत कधी आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही चढवला नाही.

"तिनं जिंदगीभर मले सांगितलं नाही कोणाले दिलं," ते म्हणाले. "अन् तू मले आज सांगून राहिला?"

काकाजी अधिकाऱ्याकडे वळले आणि म्हणाले, तक्रार लिहून घ्या. अधिकारी बिचारा कुठला तरी मास्तर, त्याला घाम फुटला. "काकाजी, मशीनमधलं मत आता काढता येत नाही जी. कोणाचं आहे तेही समजत नाही. तुमचाच माणूस, तुमचंच मत. काहून वाढवता?" बाहेर रांगेतून आवाज येऊ लागले, काय झालं गा, चला न लवकर. समोरच्या पक्षाचा माणूस खुर्चीत बसून मोबाइल काढायला लागला होता. त्या क्षणी काकाजींनी नुसती मान हलवली असती आणि बाहेर आले असते तर दुपारपर्यंत सगळे विसरले असते. मी मनातून तेच म्हणत होते. चला बाहेर काकाजी, चला. शाळा आठवा.

"मत काढा मी म्हणत नाही," ते म्हणाले. "लिहा म्हणतो."

टेबलावरच्या कोऱ्या कागदावर त्यांनी उभ्यानेच लिहिलं. तक्रार कोणाविरुद्ध, या जागी त्यांनी पहिलं नाव स्वतःचं घातलं. मृत पत्नीचं नाव यादीतून कमी करण्याचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. दुसरं नाव स्टोअरवाल्यांचं. सही केली, अधिकाऱ्याची सही घेतली, बोटाला शाई लावून घेतली, मत दिलं आणि कोणाकडे न पाहता बाहेर गेले. माणूस इतका सरळ असू शकतो हे मला वाचून माहीत होतं. पाहिलं पहिल्यांदा, आणि खरं सांगायचं तर मला ते पाहताना भीती वाटली.

दुपारपर्यंत ते सगळ्यांच्या फोनवर गेलं. मेलेल्या बायकोचं मत टाकणारा नगरसेवक, अशी ओळ आणि काकाजींचा फोटो. तक्रार कोणी केली हे त्यात कुठेच नव्हतं. त्यांच्याच पक्षाचे लोक फोन करून शिव्या घालत होते. मतमोजणीत ते पडले. फरक थोडाच होता. निकालानंतर स्टोअरवाल्यांना चौकशीला बोलावणं येई, तर प्रत्येक वेळी काकाजी सोबत जाऊन त्यांच्या शेजारी बाकावर बसत. कामावरून काढलं नाही. "चूक त्यानं केली, जागा मी करून दिली," एवढंच म्हणाले.

गुरुवारी लेख आला, पेन्सिलीने लिहिलेला, नेहमीसारखा. मी दुसऱ्यांच्या घरची नावं कमी केली, माझ्या घरचं केलं नाही, असं त्यात होतं. ज्या रविवारी मेलेल्यांच्या नावांचा लेख छापून आला त्या रविवारी मी वाचकांशी खोटं बोललो. शाळा वाचवण्यासाठी उभा होतो, ती आता मला सभागृहात बसून वाचवता येणार नाही, त्याला मी जबाबदार आहे. पूर्ण लेखात कुठेही त्यांनी चिठ्ठीचं कारण लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, "काकाजी, लोकांना कळू द्या न तुम्ही ते नाव का ठेवलं. लोक समजून घेतील." ते म्हणाले, "म्हणूनच नाही लिहिलं." मग मी म्हटलं, मलाही माहीत होतं, माझंही नाव घाला. तर म्हणाले, "तुले लिहायचं असन तर तू लिही. माह्या लेखात कायले?" म्हणून आज हे लिहिते आहे.

फॉर्म त्यांनी माझ्यासमोर भरला आणि स्वतः नेऊन दिला. मृत्यूच्या दाखल्याच्या कॉप्या मात्र माझ्या दुकानातच विसरले. दोन दिवसांनी त्या द्यायला मी त्यांच्या घरी गेले, तर आमच्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या बाई दारात आलेल्या होत्या. अंगणवाडीत शिकवतात, काकाजींना लहानपणापासून ओळखतात. फॉर्म आला की घरी जाऊन खात्री करायची, हे त्यांचं काम. त्यांनी कागद आणि पेन पुढे केला, डोळे वर न करता.

"मले सगळं माहीत आहे न जी काकाजी. तुम्ही फक्त सही करा."

"कागदावर काय लिहिलं आहे?"

"घरी जाऊन विचारपूस कराव, असं आहे."

"मग विचारा न, बाई. तुमचं काम आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. काकाजी उंबरठ्यावर सरळ उभे राहिले. बाईंनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि काकूंचं पूर्ण नाव वाचलं, आधी काकूंचं, मग काकाजींचं, मग आडनाव.

"या बाई या पत्त्यावर राहतात का?"

काकाजींनी एकदा मागे वळून घरात पाहिलं. बैठकीत, आतल्या खोलीच्या दारापर्यंत. बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, त्यांनी पदराने पुसलं नाही, तसाच कागद धरून उभ्या राहिल्या.

"नाही," काकाजी म्हणाले. "इथं नाही राहत."

बाईंनी खूण केली. पुढचा रकाना होता, त्यांनी तोही वाचला. "कधीपासून?"

"दाखल्यावर तारीख आहे, ते लिहा." मग थोडं थांबून ते म्हणाले, "मले विचाराल तर, आजपासून."

बाईंनी माझ्या हातातला दाखला घेतला, त्यावरची तारीख उतरवली आणि सहीसाठी पेन काकाजींच्या हातात दिला.